उटी

रास अल खैमाच्या उत्तरेला डोंगर
थेट समुद्राच्या अंगावर येतो.
तिथून दिवसरात्र दगड उतरतो
पट्ट्यावरून, बंदरात, जहाजात;
पुढे कुठे कुणी बेट बांधत असेल.

उताराच्या पट्ट्याचा हिशेब उलटा.
मोटर त्याला ओढत नाही,
पदर धरून मागून चालते त्याच्या,
हळू, अरे हळू, म्हणत.
वीज गेली की पदर सुटतो.

मग उरतो ब्रेक.

टेबलावर तीन कोटेशनं. एसीच्या थेंबाने
एकावरची शाई फुटलेली.
हाशिमसाहेब हिशेबाचे, माणूस सरळ, विचारतात:
मोटरच्या शाफ्टवर बसवला तर एवढासा पुरतो ना?
गिअरबॉक्स त्याची पकड साडेएकतीस पट करतो.
मग हा धिप्पाड कशाला, पुलीला खेटून,
पाचपट किमतीचा?

बरोबर आहे त्यांचं. पुस्तकातही तसंच आहे.
गेल्या वेळी मीच केली होती सही
एवढ्याशावर.

फेब्रुवारी. धुकं. पहाटेचे चार.
कपलिंग तुटलं.
मोटरकडचा ब्रेक लागला, अचूक, घट्ट,
केसभरही सरकला नाही.
धरून बसला मोटरला,
जिच्या पलीकडे आता काहीच नव्हतं.
आणि पट्टा निघाला.

चारला सेल्वराज खालच्या शेडमध्ये असायचा.
त्या दिवशी पाण्याची बाटली भरायला गेला होता.
परत आला तर शेड नाही.
ढीग. वर तारेचा एक तुकडा,
आणि त्याने वाळत घातलेले मोजे
तसेच, चिमट्यात.

महिनाभर काही बोलला नाही.
मग एकदा मेसमध्ये, ग्लासात लबान ओतताना:
सर, ब्रेक चांगला होता?
चांगला होता, मी म्हटलं.
मग?

मग, हाशिमसाहेब, मधे किती गोष्टी असतात बघा.
चाव्या, बेअरिंगं, दात, कपलिंगचं रबर.
एकही गेली तर धरणारा एकीकडे, सुटणारा दुसरीकडे.
धरायचं तर ओझ्यालाच धरावं.

ड्रमचा नको. त्याच्या पोटात भुकटी साचते,
पहाटेच्या दवात थिजते. डिस्क हवी, उघडी,
फिरता फिरता झटकून टाकणारी.
स्प्रिंगने धरणारा, तेलाच्या दाबाने सोडणारा:
म्हणजे धरणं हा ज्याचा स्वभाव
आणि सोड म्हणून ज्याला रोज सांगावं लागतं.
पिना स्टेनलेसच्या, नाहीतर खारं वारं
दोन उन्हाळ्यांत त्याचा हात धरेल.

आणि फार दांडगाही नको.
दोन सेकंदांत थांबवला तर दगड उडतील,
पट्टा फाटेल. अकरा-बारा सेकंद द्यावेत.
तेवढ्यात डिस्क तीनशेवर तापते,
बाहेर आधीच अठ्ठेचाळीस;
कॅटलॉगात लिहिलंय वीस.
लिहिणाऱ्याच्या गावी असतील.

हाशिमसाहेबांनी चष्मा पुसला.
परत लावला. परत पुसला.
दुरुस्तीत गेलेल्या रकमेची फाईल मागवली,
वाचली नाही. सही केली.

सप्टेंबरात चाचणी. भरला पट्टा,
मुद्दाम वीज तोडली.
सगळे मोठ्याने मोजतायत, ज्याच्या त्याच्या भाषेत,
त्यामुळे आकडे एकमेकांत अडकले
आणि बारा नेमके कुणाचे खरे, कळलं नाही.
थांबला.
नारळाएवढा एक गोटा काठावर डुलला,
बसला.

डंपरवाला जरवली, स्वातचा, खाली वाकून म्हणाला,
हा तर गुटका. चाकामागे ठेवतात तो.
कट्टै, सेल्वराज म्हणाला.
उटी, मी म्हटलं.
आमच्या कुंभार्ली घाटात ट्रक बंद पडला
की क्लीनर आधी खाली उडी मारायचा,
दगड शोधायला.

मग इथे एवढे दगड असताना,
हाशिमसाहेब म्हणाले,
आणि पहिल्यांदाच हसले.

सेल्वराज नव्या शेडला तार बांधत होता.
दोन्ही टोकांना गाठ मारली,
ओढून बघितली,
पुन्हा एक मारली.